आवक : शून्य

सदानंद पडवळ कागद हरवतात, हे ऋताला तिच्या भावाने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती मोठ्याने हसली होती. आबा आणि कागद हरवणार! चौतीस वर्षं गगनबावड्याच्या पर्जन्यमापन केंद्रावर सकाळी साडेआठच्या ठोक्याला पाऊस मोजून वहीत उतरवणारा माणूस तो. निवृत्तीनंतर मोजायला पाऊस उरला नाही, म्हणून त्यांनी घरी येणारे कागद मोजायला घेतले. ‘आवक’ असं नाव घातलेली लांबट वही दाराजवळच्या खुंटीला लटकलेली असायची आणि रोज तिच्यात एक ओळ पडायची. काही आलं नाही तर ‘शून्य’. “हे एक वेळ मला विसरतील, पण ओळ लिहायला विसरणार नाहीत,” असं आई म्हणायची, आणि ते अगदीच थट्टेत नसायचं.

कौस्तुभने तेच दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ऋता हसली नाही. ऑगस्टात तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा ती हातातलं काम टाकून ऐकू लागली.

“ताई, एकोणीस कागद,” कौस्तुभ कोल्हापुरातून बोलत होता. “हयातीच्या दाखल्याची आठवण, बँकेचं पत्र, डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख. तारीख गेली, नंबर गेला, आता पुढच्या वर्षी. आणि आबांचं एकच, काही आलंच नाही म्हणून.”

“घरात शोधलंस?”

“गाद्या उलथ्या केल्या. पिठाचा डबा पण बघितला. यंत्रात कागद भरलेला, हिरवा दिवा लागलेला, सगळं ठीक. आबा दारात उभं राहून बघत होते नुसते. मलाच कसंतरी झालं गं.”  मग तो हळूच म्हणाला, “तूच सांग, तुझ्या यंत्रावर ‘पूर्ण’ लागलं म्हणजे कागद आला ना?”

“आला,” ऋता म्हणाली. “मानकातच तसं लिहिलंय.”

हे तिने छातीठोकपणे सांगितलं, कारण तो तिच्या पोटापाण्याचा विषय होता. पुण्यातल्या मुद्रण मानक पडताळणी केंद्रात ती वरिष्ठ तपासनीस होती, आणि आबांच्या घरातल्या यंत्राच्या प्रमाणपत्रावर खाली तिचीच सही होती.

ही यंत्रं येऊन तीन वर्षं झाली होती. पत्रं दारोदार नेणं परवडेना, तेव्हा पासष्टीपुढच्या ज्या लोकांना फोनवरचे निरोप नकोत, हातात कागदच हवा, त्यांच्या घरी सरकारने छपाईची एक पेटी बसवून दिली. लोक तिला ‘घरटपाल’ म्हणू लागले. कचेरीने पत्र पाठवलं की ते पेटीत छापलं जाई, घडी होऊन खालच्या कप्प्यात पडे, आणि पेटी उलट टपाली ‘पूर्ण’ असं कळवी. कायद्याने त्या ‘पूर्ण’ला पोचपावतीचा मान दिला. पेटीने ‘पूर्ण’ म्हटलं की पत्र माणसाच्या हातात पडलं, मग माणूस काही का म्हणेना.

कायदा इतका निर्धास्त होता तो मानकाच्या जिवावर. संगणकांच्या जाळ्यावरून छपाई कशी करायची याची जगभर एक ठरलेली संभाषणपद्धत आहे. एक बाजू विचारते, ‘हे छापशील का?’ दुसरी म्हणते, ‘घेतलं, तुझा क्रमांक अमुक.’ मग काम कुठवर आलं ते ती ठरावीक शब्दांत सांगत राहते: थांबलंय, चाललंय, अडलंय, पूर्ण. प्रत्येक शब्दाचा अर्थ मानकात बांधून दिलेला असतो. ‘पूर्ण’चा अर्थ, शेवटचा कागद बाहेर येऊन कप्प्यात पडला. हे मानक कुणालाही वाचायला खुलं असतं. ते कोण वाचतं हा भाग वेगळा. ऋता वाचायची, आणि तिला ते आवडायचंही. माणसं बोलताना घोळ घालतात, पण इथे शब्दाला शब्दाचा अर्थ असतो, असं ती म्हणायची.

त्यामुळे एका बाजूला मानक आणि दुसऱ्या बाजूला आबा असा प्रश्न आला, तेव्हा ती मानकाच्या बाजूने गेली. आपल्या बापाच्या विरुद्ध आपण गेलो, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

सोमवारी तिने आबांना फोन केला.

“आबा, कागदांचं काय झालं हो?”

“आलं असंल बाळ.” आबांचा आवाज बारीक झाला होता. “तू म्हणतीस, कौस्तुभ म्हणतोय, कचेरीतला साहेब पण म्हणतोय. एवढी सगळी माणसं खोटं कशाला बोलतील? ठेवलं असंल मीच कुठंतरी.”

दोन महिन्यांपूर्वी हाच माणूस ‘आलं नाही म्हणजे नाही’ म्हणून फोनवर कडाडला होता. तो कडाडणारा आवाज बरा होता, असं ऋताला वाटलं.

कौस्तुभने अर्ज केला होता. आबांच्या सहीचा अधिकार मुलांकडे द्यावा, आणि त्यांना एकट्याने राहू देऊ नये. आबा गगनबावड्याचं घर बंद करून कोल्हापूरला त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाणार. कौस्तुभ वाईट नव्हता. उद्या गॅस चालू ठेवून झोपले तर काय, एवढीच त्याची धास्ती होती. शिवाय कोल्हापुरातले डॉक्टर त्याला म्हणाले होते की घाटमाथ्यावरच्या म्हाताऱ्यांत असं फार दिसायला लागलंय. ओलसर, अंधाऱ्या हवेमुळे असावं. त्याला त्यांनी ‘पावसाळी विस्मरण’ असं नावही देऊन टाकलं होतं, आणि एक संस्था त्याच्यावर संशोधन करत होती. अर्जाला दोन्ही मुलांची संमती लागे. बुधवार ही शेवटची तारीख होती.

ऋताला काही सुचेना. शेवटी तपासनीसाने करावं तेच तिने केलं, चाचणी घेतली. मंगळवारी सकाळी तिने आबांच्या घरटपालावर एक पत्र पाठवलं.

‘ती. आबांस, सा. न. मी चौथीत असताना तुमच्या पर्जन्यमापकात तांब्याभर पाणी ओतलं होतं, आठवतं? त्या दिवशी तुम्ही वहीत काय लिहिलं होतं ते कळवा. मला वाटतं शून्य लिहिलं होतंत. तुमची ऋता.’

लगेच ‘पूर्ण’ आलं. बुधवारी सकाळी तिने फोन केला.

“आबा, माझं पत्र मिळालं?”

फोनवर मागून पागोळ्यांचा आवाज येत होता.

“मिळालं की,” आबा म्हणाले. “छान लिहिलंयस.”

“मग विचारलंय त्याचं उत्तर?”

“उत्तर... देतो की. चष्मा कुठं ठेवलाय बघतो आधी. तू जेवलीस का?”

सकाळचे नऊ वाजले होते. ऋताने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून रडली. पत्र मिळालं, पण त्यात काय होतं ते आज त्यांच्या लक्षात उरलं नाही. आता शंकेला जागाच कुठे होती? डोळे पुसून तिने संमतीचा अर्ज उघडला. तिथे तीन चौकोन होते: संमत, असंमत, माहीत नाही. तिने पहिल्यावर बोट ठेवलं आणि सही केली.

दुपारी कार्यालयात, मन लागेना म्हणून, तिने त्या पत्राची नोंद काढून पाहिली. पाठवलं, घेतलं, पूर्ण. सगळं रीतसर. मग तिची नजर वेळेवर गेली. घेतलं आणि पूर्ण यांत अर्ध्या सेकंदाचंही अंतर नव्हतं.

ती नोंद तिने तीनदा वाचली. छपाईयंत्र कितीही तेज असलं तरी कागद गठ्ठ्यातून सुटतो, रुळांखालून सरकतो, शाई घेतो, घडी होतो, पडतो. या पेटीला एका पानाला सात सेकंद लागत. अर्ध्या सेकंदात कागद जागचा हलत सुद्धा नाही.

म्हणजे पत्र छापलं गेलं नव्हतं. मग आबा ‘मिळालं’ का म्हणाले? यंत्र खोटं बोलतंय म्हणावं तर आबा त्याच्या बाजूने साक्ष देत होते. आबा भ्रमात आहेत म्हणावं तर यंत्राचा भ्रम त्यांच्या भ्रमाशी जुळत होता.  ती तशीच उठून केंद्रप्रमुख मुजुमदारांकडे गेली.

मुजुमदारांनी नोंद पाहिली आणि चष्मा कपाळावर चढवला. “अहो, हे ते पोटकलम दिसतंय. काही ठिकाणी छापणारं यंत्र एकीकडे आणि त्याचा कारभार बघणारा संगणक दुसरीकडे असतो. कागद पडला की नाही हे संगणकाला कळायला मार्गच नसतो. तसं असेल तर त्याने काम पुढे ढकलल्यावर ‘पूर्ण’ म्हणावं, एवढी सवलत मानकात आहे.”

“पण घरटपालात सगळं एकाच पेटीत आहे, सर! डोकं पण तेच आणि हात पण तेच.”

“कंपनीने डोक्याला हाताचं कळत नाही असं दाखवलं. ‘पूर्ण’ लवकर येतं ना, मग निविदेत यंत्र वेगवान दिसतं.” मुजुमदार ओशाळून हसले. “पण हे आपल्या चाचणीत सापडायला हवं होतं. चाचणी कुणी घेतली होती?”

आणि ऋताला खोटा कागद आठवला.

केंद्राची एक पद्धत होती. दिवसाला शेकडो पानांच्या चाचण्या, त्यात कागद किती जायचा! म्हणून ते रिकाम्या यंत्रावर चाचणी घेत आणि यंत्राला फसवायला कागद ओळखणाऱ्या खाचेत पुठ्ठ्याची एक पट्टी खोचत. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची कापलेली, गणपतीची अर्धी सोंड असलेली पट्टी होती ती. तिला सगळे ‘खोटा कागद’ म्हणत. कागद वाचवल्याबद्दल केंद्राला ढाल मिळाली होती, ती मुजुमदारांच्या मागेच टांगलेली होती.

घरटपालाच्या चाचणीच्या दिवशी चाळीस वेळा ‘पूर्ण’ आलं. ऋताने चाळीस खुणा केल्या. उठताना तिला दिसलं, की पट्टी टेबलावरच पडलेली आहे. यंत्रात खरा कागद नव्हता आणि खोटाही नव्हता, तरी ‘पूर्ण’ आलं होतं. कुणीतरी दुसरी पट्टी लावली असेल, असं ती मनाशी म्हणाली आणि जेवायला गेली. त्या दिवशी डब्यात भरली वांगी होती, हे सुद्धा तिला आता आठवलं.

“मी घेतली होती, सर,” ती म्हणाली.

मुजुमदारांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. त्यांनी संगणकावर राज्याचा नकाशा उघडला आणि ‘पूर्ण’ होऊनही उत्तर न आलेल्या पत्रांचे ठिपके मांडले. कोरड्या तालुक्यांत तुरळक ठिपके होते. गगनबावडा, आंबोली, महाबळेश्वर, इगतपुरी मात्र काळेकुट्ट झाले होते. पेटीत ओल मोजणारा एक तुकडा होता. कागद दमट असला तर तो रुळांत अडकू नये म्हणून पेटी छापायची थांबे आणि कागद सुकायची वाट बघे. गगनबावड्यात जूनपासून कागद सुकलाच नव्हता. पावसाळी विस्मरण खरंच होतं, फक्त ते म्हाताऱ्यांना झालं नव्हतं.

“प्रमाणपत्र मागे घेतल्याचं पत्र आजच लिहिते,” ऋता म्हणाली. “कारणात माझं नाव घालते.”

“नोकरीवर येईल हो.”

“येऊ दे.”

गुरुवारी गगनबावड्याला जाताना गाडीतून तिने कौस्तुभला फोनवर सगळं सांगितलं आणि अर्ज थांबवायला सांगितला. 

“ताई, यंत्र खोटं बोलत नाही म्हणून तूच सांगितलंस ना?” तो म्हणाला. “आणि पत्र आलंच नाही तर आबा मिळालं का म्हणाले? सांग की. हेच डॉक्टरला सांगितलं तर तो काय म्हणंल?”

 यंत्राचा उलगडा झाला होता, बापाचा झाला नव्हता.

गगनबावड्यात धुकं दारापर्यंत आलेलं होतं. आबा तिला बघून गडबडले. गेल्या खेपेपेक्षा ते बारीक झाले होते आणि घरात बोलताना सुद्धा भिंतीकडे बघत होते. हातपाय धुवायच्या आधीच ऋताने खुंटीवरची वही काढली. जून, जुलै, ऑगस्ट. प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द, वळणदार अक्षरात: शून्य. शून्य. शून्य. मंगळवारच्या ओळीवर तिने बोट ठेवलं. तिथेही शून्यच होतं.

“आबा, पत्र मिळालं म्हणालात मला. इथं तर शून्य लिहिलंय.”

आबा खाली बघत राहिले. वर्गात पकडलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

“वहीत कसं लिहायचं बाळ खोटं?” ते म्हणाले. “तोंडानं बोललो. आलं नाही म्हटलं की तुम्ही सगळी गप्प बसता फोनवर. माझी कीव करता ते कळतंय मला. मग म्हटलं, हो म्हणावं. हो म्हटलं की पोरीचा आवाज तरी बरा येतोय.” मग त्यांनी घाबरत विचारलं, “खरंच आलं होतं का गं? मला कळंनाच झालंय. वही बघितली की वाटतं मी बरोबर, तुमचा फोन आला की वाटतं वहीच चुकली.”

 ऋताने आबांचा हात धरला आणि सगळं सांगितलं, पट्टीसकट, वांग्यांसकट. आबांनी मधे एकच प्रश्न विचारला.

“मग ते कागद कुठं हायत?”

“यंत्राच्या पोटात. कागद सुकवला तर निघतील.”

आबांनी कपाटातून इस्त्री काढली. टेबलावर जुनं धोतर अंथरून त्यांनी यंत्रातले कोरे कागद एकेक करून इस्त्रीखालून काढले. किंचित वाफ निघाली की कागद पालथा घालायचे. पंचवीस झाले तेव्हा ऋताने तो गरम गठ्ठा यंत्रात परत सारला. यंत्र क्षणभर गप्प राहिलं, मग घरघरलं, आणि जूनमधला पहिला कागद खाली पडला.

आबा खुर्ची ओढून बसले. हयातीचा दाखला आला. बँक आली. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली तेव्हा ते नुसते “गेली की गं,” म्हणाले. प्रत्येक कागद पडला की त्यांची पाठ थोडी ताठ होत होती. चष्मा नाकावर घट्ट होता, त्यांनी तो हरवलेला नव्हताच. “एकोणीस बरोबर,” ते खुशीत म्हणाले. “कौस्तुभला फोन लाव. म्हणावं, पिठाच्या डब्यात नव्हतं काही.”

विसावं तिचं पत्र होतं. आबांनी ते बाजूला ठेवलं, नीट वाचायला. यंत्र थांबलं नाही. ते अजून घरघरत होतं, आणि तेव्हा ऋताच्या लक्षात आलं. संमतीची एक प्रत ज्याच्याबद्दल ती दिली त्यालाही पाठवतात, असा नियम आहे.

तिचा हात यंत्र बंद करायच्या बटणाकडे गेला. सात सेकंद होते. दाबलं असतं तर आबांना कधी कळलंही नसतं. पण त्यांच्यापासून आणखी एक कागद अडवून ठेवायचा या विचाराने तिची बोटं मागे आली. कागद पडला.

आबांनी घडी उलगडली. सदानंद पडवळ यांना स्वतःचे व्यवहार कळत नाहीत, या म्हणण्यास संमत आहे. खाली ऋता सदानंद पडवळ. त्यांनी तो सावकाश, शेवटपर्यंत वाचला. मग वही ओढून घेतली, तारीख घातली, ‘आवक : एकवीस’ लिहिलं आणि खाली सही केली. 

“आबा, मी...” ऋता म्हणाली.

“त्या दिवशी शून्य नव्हतं लिहिलं मी,” आबा म्हणाले. ते तिच्या पत्राचं उत्तर देत होते. “शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. पण पडला होता की थोडा. त्यात तुझं पाणी मिसळलं, मग किती पडला ते कसं कळणार? आडवी रेघ मारली. रेघ म्हणजे मला माहीत नाही. शेऱ्यात लिहिलं, ‘घरगुती कारण’. वरनं खरमरीत पत्र आलं होतं त्याबद्दल, दाखवीन तुला, ठेवलंय.”

त्यांनी संमतीच्या कागदाची परत घडी घातली आणि तो बाकीच्या कागदांवर नीट ठेवला.

“तुला पण कळत नव्हतं ना बाळ?” ते म्हणाले. “मग रेघ मारायची.”